वृद्धाश्रमातील देखभालीचा दर्जा कसा पारखावा?

आई-वडिलांसाठी वृद्धाश्रम शोधताना बहुतेक कुटुंबे एखाद्या रविवारी दोन-तीन संस्था पाहून येतात. इमारत, बाग, खोलीतला टीव्ही, जेवणाचा नमुना, डिपॉझिट आणि महिन्याचा खर्च या गोष्टी पाहिल्या जातात, आणि त्या पाहायलाच हव्यात. परंतु त्यांवरून देखभालीविषयी फार थोडे कळते. देखभाल म्हणजे दिवसाचे चोवीस तास, अनेक हातांनी, पुष्कळदा बंद दाराआड होणारे काम. आणि ज्याच्यासाठी ते करायचे तो माणूस जितका परावलंबी, तितकी ते न झाल्याची तक्रार त्याच्याकडून कमी येते. धडधाकट आजोबांना चहा गार मिळाला तर ते कार्यालयात जाऊन दोन शब्द सुनावतील. पक्षाघाताने वाचा गेलेल्या आजी सहा तास ओल्या डायपरमध्ये राहिल्या, तर ते कोणाला कळणारही नाही. म्हणून संस्थेचा दर्जा ठरवताना तेथील सर्वांत परावलंबी रहिवाशाच्या वाट्याला, सर्वांत कमी देखरेखीच्या वेळी, काय येते हे शोधावे लागते. ते शोधण्याच्या पद्धती गेल्या साठ वर्षांत बऱ्यापैकी विकसित झाल्या आहेत आणि त्यांतील पुष्कळशा कुटुंबातल्या कोणालाही वापरता येतील अशा आहेत.

‘नोंदणीकृत’ म्हणजे काय

प्रथम एक गैरसमज दूर केलेला बरा. संस्थेच्या फलकावर नोंदणी क्रमांक असतो आणि तो वाचून घरच्यांना वाटते की सरकारने सर्व काही तपासलेले आहे. प्रत्यक्षात बहुतेक वृद्धाश्रमांची ही नोंदणी १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम, १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम किंवा कंपनी कायदा यांपैकी कशाखाली तरी झालेली असते. त्यातून संस्थेला कायदेशीर अस्तित्व मिळते, विश्वस्तांची नावे आणि हिशेब सरकारदरबारी जातात. रात्री दोन वाजता कोणाची कूस बदलली जाते का, हे त्या नोंदणीत कोणी पाहत नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणासाठी २००७ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याच्या १९ व्या कलमात, राज्य सरकारांनी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असे वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारावेत, अशी तरतूद आहे. महाराष्ट्राने २०१० मध्ये या कायद्याचे नियमही केले. मात्र पैसे घेऊन चालणाऱ्या सर्व देखभाल केंद्रांना सक्तीची नोंदणी आणि किमान मानके लावू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, ते सतरावी लोकसभा विसर्जित होईपर्यंत संमत झाले नाही.

इंग्लंडमध्ये परिस्थिती वेगळी आहे. तेथे २००९ पासून केअर क्वालिटी कमिशन ही यंत्रणा निवासी देखभाल केंद्रांची तपासणी करते, पुष्कळदा आगाऊ न कळवता करते, आणि आपला अहवाल सर्वांसाठी खुला ठेवते. सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीची आहे का, व्यक्तीच्या गरजेप्रमाणे बदलते का आणि संस्थेचा कारभार नीट चालतो का, या पाच प्रश्नांवर ती उत्कृष्ट, चांगली, सुधारणा आवश्यक आणि अपुरी अशा चार श्रेणी देते. आपल्याकडे असा जाहीर अहवाल हाताशी नसल्याने तपासणीचे काम कुटुंबाला स्वतःच करावे लागते.

रचना, प्रक्रिया आणि परिणाम

आरोग्यसेवेचा दर्जा मोजण्याच्या आजच्या बहुतेक पद्धतींच्या मुळाशी डॉ. अवेडिस डोनाबेडियन यांची मांडणी आहे. बैरुतमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात शिकवणारे डोनाबेडियन यांनी १९६६ मध्ये असे मांडले की दर्जा तीन अंगांनी पाहता येतो. संस्थेजवळ काय आहे, म्हणजे जागा, माणसे, साधने, ही झाली रचना. प्रत्यक्षात काय केले जाते, ही झाली प्रक्रिया. आणि त्यातून माणसाचे काय झाले, हा झाला परिणाम. चांगल्या रचनेमुळे चांगली प्रक्रिया शक्य होते, आणि चांगल्या प्रक्रियेमुळे चांगला परिणाम. पण ‘शक्य होते’ आणि ‘होते’ यांत अंतर आहे, आणि सारी मेख तिथेच आहे.

रविवारच्या भेटीत दिसते ती रचना. परिणाम पाहावेत, तर वृद्धाश्रमात तेही फसवे ठरतात, कारण येथे आलेला माणूस कितीही उत्तम देखभाल झाली तरी वयाने थकतच जाणार असतो. शिवाय कोणाला प्रवेश दिला यावर परिणाम अवलंबून असतात. आपल्याकडील अनेक संस्थांचा नियमच असा असतो की स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांनाच प्रवेश मिळेल; पुढे ती व्यक्ती अंथरुणाला खिळली की घरच्यांना बोलावून ‘घेऊन जा’ असे सांगितले जाते. अशा संस्थेत बेडसोअर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) नाहीत, पडण्याचे प्रकार कमी, मृत्यूही कमी, कारण ज्यांच्याबाबत ते घडले असते ते तेथे उरलेलेच नाहीत. उलट, अंथरुणावरच्या रुग्णांना जिद्दीने सांभाळणाऱ्या संस्थेचे आकडे कागदावर वाईट दिसतील. म्हणून आकडे विचारण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: सध्याच्या रहिवाशांपैकी अंघोळ, कपडे, शौच, पलंगावरून उठणे, मलमूत्रावरील ताबा आणि जेवण या सहा कामांत दुसऱ्याची मदत लागणारे किती आहेत, आणि गेल्या दोन वर्षांत जे अंथरुणाला खिळले त्यांचे पुढे काय झाले? ही सहा कामे वैद्यकात १९६३ पासून काट्झ निर्देशांक म्हणून वापरली जातात आणि संस्थेत कोणत्या प्रकारची माणसे राहतात हे सांगायला ती पुरेशी आहेत.

राहिली प्रक्रिया. ती पाहायला आपण चोवीस तास तेथे थांबू शकत नाही. आपल्याला संस्थेच्या नोंदींवर विसंबावे लागते. आणि नोंद म्हणजे केलेल्या कामाचा पुरावा असतोच असे नाही, कधी कधी ती फक्त नोंद करण्याच्या कामाचा पुरावा असते. अमेरिकेतील अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथे २००८ पासून सरकार नर्सिंग होमना, म्हणजे परिचर्येची सोय असलेल्या निवासी देखभाल केंद्रांना, एक ते पाच तारे देते. त्यासाठी लागणारी कर्मचारीसंख्या सुरुवातीला संस्था स्वतःच कळवत असत आणि त्या माहितीवर सतत शंका घेतली गेली. २०१६ पासून ही माहिती पगारपत्रकांवर आधारून मागवली जाऊ लागली. यातले तत्त्व कोणत्याही वृद्धाश्रमाला लागू पडते: आपल्याला दाखवण्यासाठी ठेवलेल्या नोंदीची पडताळणी दुसऱ्याच कामासाठी ठेवलेल्या नोंदीशी, आणि शेवटी माणसाच्या शरीराशी, करून पाहावी.

बारा कर्मचारी म्हणजे नेमके किती?

‘तीस आजी-आजोबांसाठी आमच्याकडे बारा जणांचा स्टाफ आहे’ हे वाक्य ऐकायला बरे वाटते. त्या बारांतून स्वयंपाकी, झाडूकाम करणारे, वाहनचालक आणि कार्यालयातील माणूस वगळले की प्रत्यक्ष देखभाल करणाऱ्या मावशी आणि मामा समजा आठ उरतात. पाळी बारा तासांची असेल, तर एक जागा आठवडाभर अखंड भरलेली ठेवायला चौदा पाळ्या लागतात. आठ जणांनी आठवड्याला सहा पाळ्या केल्या तर एकूण अठ्ठेचाळीस होतात. म्हणजे कोणत्याही एका वेळी सरासरी तीन-साडेतीन माणसे. सकाळी अंघोळीच्या वेळी पाच लागतात, त्यामुळे रात्री दोन किंवा एक. गावी गेलेल्या, आजारी पडलेल्या आणि मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोकडून आयत्या वेळी आलेल्या माणसांचा हिशेब यात धरलेलाच नाही.

हाच हिशेब तासांत मांडला तर तीस रहिवाशांमागे दररोज सुमारे ८२ तास, म्हणजे प्रत्येकी पावणेतीन तासांहून थोडे कमी. अमेरिकेच्या केंद्र सरकारसाठी २००१ मध्ये झालेल्या एका अभ्यासात नर्सिंग होममधील रहिवाशामागे रोज ४.१ तास, परिचारिका आणि मदतनीस मिळून, ही मर्यादा पुढे आली होती; त्याखाली देखभालीचा दर्जा धोक्यात येतो असा त्याचा रोख होता. तेथील रहिवासी अधिक परावलंबी असतात, म्हणून हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावू नये. पण चालत्या-फिरत्या रहिवाशांच्या संस्थेत पावणेतीन तास पुरतील आणि निम्मे रहिवासी अंथरुणावर असतील तिथे पुरणार नाहीत, एवढा अंदाज त्यावरून नक्की बांधता येतो.

एकूण संख्या न विचारता ‘काल रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत कोण कोण ड्यूटीवर होते आणि त्यांतील किती जण इथे सहा महिन्यांहून जास्त काळ आहेत?’ असे विचारावे. उत्तर देताना व्यवस्थापक हजेरीपट उघडतात की अंदाजाने सांगतात, हेही पाहावे. नव्या माणसाला कोणाला कोणत्या कुशीवर दुखते, कोणाचा घास अडकतो, कोणाला अंधारात भीती वाटते हे माहीत नसते. दर महिन्याला मावशी बदलत असतील तर ती माहिती संस्थेत साचतच नाही.

अंगावर दिसणारा पुरावा

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या देखभालीचा सर्वांत प्रामाणिक पुरावा त्याच्या त्वचेवर असतो. सतत एकाच स्थितीत पडून राहिल्याने हाडाचा उंचवटा आणि गादी यांच्यामध्ये त्वचा दाबली जाते, तेथील बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त पोहोचत नाही आणि ऊती मरू लागतात. माकडहाड, टाचा, घोटे आणि कमरेच्या बाजूची हाडे या त्याच्या नेहमीच्या जागा. त्यातच त्वचा लघवीने ओली राहिली किंवा माणसाला उचलण्याऐवजी चादरीवरून ओढले गेले, तर काम आणखी बिघडते. बेडसोअरच्या चार श्रेणी मानल्या जातात: पहिलीत त्वचा अखंड असते पण दाबूनही न जाणारी लाली दिसते, दुसरीत वरचा थर सोलवटतो, तिसरीत जखम चरबीपर्यंत आणि चौथीत स्नायू किंवा हाडापर्यंत जाते. येथे एक बाब ध्यानात घ्यावी: सावळ्या त्वचेवर पहिल्या श्रेणीतील लाली बहुधा दिसतच नाही. तिथे त्वचा आजूबाजूपेक्षा जांभळट किंवा काळपट झाली आहे का, स्पर्शाला गरम, कडक किंवा उलट मऊ लागते का, हे बोटांनी पाहावे लागते. लालीच्या चित्रांवरून शिकलेले कर्मचारी आपल्याकडच्या माणसांच्या बाबतीत येथेच चुकतात.

चांगल्या संस्थेत प्रवेशाच्या दिवशीच हा धोका मोजला जातो. त्यासाठी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेले ब्रेडन मोजमाप सर्वत्र वापरात आहे. संवेदना, ओलावा, हालचाल, स्थिती बदलण्याची क्षमता, आहार आणि घर्षण या सहा बाबींना गुण देऊन ६ ते २३ च्या दरम्यान बेरीज येते. गुण जितके कमी तितका धोका अधिक, आणि साधारणपणे १८ किंवा त्याखाली आले की विशेष काळजी सुरू करावी लागते. संस्थेत हे नाव कोणाला माहीत नसले तरी चालेल. पण ‘कोणाला जखम होण्याची शक्यता जास्त आहे, हे तुम्ही कसे ठरवता?’ या प्रश्नाला काहीतरी ठाम उत्तर असायला हवे. उत्तरादाखल ‘आम्ही रोज पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावतो’ असे अभिमानाने सांगितले गेले, तर प्रशिक्षण फार जुने आहे असे समजावे. दाबाने बिघडू लागलेली त्वचा चोळल्याने खालच्या ऊतींना आणखी इजा होते, आणि बसायला दिलेली रबरी रिंगही आता योग्य मानली जात नाही.

मग पलंगाशी जाऊन पाहावे. हवेच्या गादीचा पंप चालू आहे का? की रात्री त्याची घरघर नको म्हणून तो बंद केला आहे, किंवा त्याचा प्लग काढून तिथे कोणाचा मोबाइल लावला आहे? गादीवर मेणकापड, त्यावर घडी घातलेली चादर आणि त्यावर आणखी एक सतरंजी असेल, तर खालच्या हवेच्या गादीचा फायदा जवळजवळ उरत नाही. पायथ्याशी कूस बदलण्याचा तक्ता टांगलेला असतो: दहाला डावी, बाराला पाठ, दोनला उजवी. खऱ्या रात्रीच्या तक्त्यात वेळा मागेपुढे होतात, एखाद्या खान्यात ‘झोपमोड नको म्हणाल्या’ असा शेरा असतो, अक्षर बदलते. एकाच पेनाने, एकाच अक्षरात, ठोक्याला ठोका जुळवून भरलेला तक्ता सकाळी चहा पिताना एकदमच भरला गेला असण्याचा संभव अधिक. आपण चार वाजता गेलो आणि तक्त्यात ‘डावी कूस’ असताना आजी उताण्या असतील, तर एवढी एक विसंगती संस्थेच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगून जाते.

डायपरचेही तसेच. दर महिन्याच्या बिलात डायपरचा खर्च लावलेला असतो किंवा पाकिटे घरच्यांनीच आणून द्यायची असतात. दहांचे पाकीट पाच दिवस पुरत असेल, तर दिवसाला दोन डायपर म्हणजे एकेक सरासरी बारा तास अंगावर आहे. पैसे वाचले म्हणून समाधान मानणारे नातेवाईक पुष्कळ असतात. त्यांनी हा भागाकार जरूर करावा.

वजन हा दुसरा मोठा पुरावा, आणि तो मिळवायला सर्वांत सोपा. महिन्याभरात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन घटणे, वजन कमी करण्याचा हेतू नसताना, धोक्याचे मानले जाते. ५२ किलोच्या आजी महिन्याभरात ४९ वर आल्या तर ‘तीनच किलो तर उतरल्या’ असे म्हणून चालत नाही, कारण ती जवळजवळ ६ टक्क्यांची घट आहे. कारणे अनेक असू शकतात: नवी औषधे, नैराश्य, आजार, पण कवळी हरवली आणि महिनाभर कोणाच्या लक्षातच आले नाही, हेही एक नित्याचे कारण आहे. उभे राहू न शकणाऱ्यांचे वजन खुर्चीच्या काट्यावर घेता येते, आणि तो नसेल तर दंडाचा घेर टेपने मोजून त्याची तरी नोंद ठेवता येते. ‘त्यांना उभेच राहता येत नाही, मग वजन कसे घेणार?’ हे उत्तर मान्य करू नये.

जेवणाच्या दर्जाविषयी नातेवाईक भाजीची चव पाहतात. मी त्यांना घड्याळ पाहायला सांगेन. परावलंबी माणसाला नीट भरवायला वीस मिनिटे ते अर्धा तास लागतो. एका मावशीकडे असे सहा जण असतील आणि रात्रीची जेवणे तासाभरात आटोपत असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटे येतात, आणि दहा मिनिटांत मऊ भाताची वाटी एक तर अर्धी परत जाते किंवा कोंबली जाते. आडवे ठेवून भरवले जात असेल तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होण्याचा धोका असतो. संध्याकाळचे जेवण आणि सकाळचा नाश्ता यांतील अंतरही विचारावे. अमेरिकेतील नियमांत ते सर्वसाधारणपणे १४ तासांहून अधिक असू नये असे म्हटले आहे. कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी सहाला जेवण आणि नऊला नाश्ता असेल, तर ते पंधरा तास होतात, आणि मधुमेहाची औषधे घेणाऱ्याची साखर पहाटे घसरण्याची भीती असते.

शांतता कशाने आहे?

भेटीच्या वेळी सगळे आजी-आजोबा गप्प, स्वच्छ आणि खुर्चीत बसलेले दिसले की पाहुण्याला बरे वाटते. त्या शांततेची चौकशी व्हायला हवी. स्मृतिभ्रंश झालेला माणूस संध्याकाळी अस्वस्थ होतो, घरी जायचे म्हणतो, दाराशी जाऊन उभा राहतो. त्याच्यासोबत फिरायला माणूस लागतो. गोळीला माणूस लागत नाही. या रुग्णांना वर्तन आवरण्यासाठी मनोविकारविरोधी औषधे दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला होता. याचा अर्थ ही औषधे कधीच देऊ नयेत असा नाही. काही वेळा दुसरा इलाज नसतो. परंतु हॅलोपेरिडॉल, क्वेटियापिन यांसारखी मनोविकारविरोधी गोळी किंवा झोपेची गोळी चालू असेल तर ती कोणत्या डॉक्टरांनी, कोणत्या कारणासाठी, कोणत्या तारखेला सुरू केली आणि ती कमी करण्याचा विचार पुन्हा कधी झाला, हे कागदावर असायला हवे. औषधे नियमित दिली जातात का, हे पाहण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे गोळ्या मोजणे. रोज एक घ्यायच्या गोळीच्या तीस गोळ्या १ तारखेला आल्या असतील, तर १२ तारखेला सकाळी, त्या दिवसाची देण्याआधी, एकोणीस उरायला हव्यात. चोवीस उरल्या असतील तर नोंदवहीतल्या सह्यांना अर्थ नाही, आणि पंधरा उरल्या असतील तर प्रश्न अधिकच गंभीर आहे.

बांधून ठेवणे हा त्याच प्रश्नाचा दुसरा भाग. ओढणीने मनगट कठड्याला बांधलेले दिसले तर कोणीही दचकेल, पण पलंगाचे दोन्ही कठडे कायम वर असणे, उठता येणार नाही अशी समोर पाटी अडकवलेली खुर्ची, बाहेरून कडी घातलेली खोली ही त्याचीच सौम्य दिसणारी रूपे आहेत. ‘पडू नयेत म्हणून’ हे कारण प्रत्येक वेळी सांगितले जाते. गोंधळलेला माणूस कठडा ओलांडून उतरू पाहतो आणि त्या उंचीवरून पडला तर दुखापत अधिक होते, हे मात्र सांगितले जात नाही. अमेरिकेने १९८७ च्या कायद्याने नर्सिंग होममध्ये शिक्षा म्हणून किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधून ठेवायला बंदी घातली. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसोपचार संस्थांपुरती अशा बंधनांवर कडक मर्यादा आणली आहे. वृद्धाश्रमाने तोच दंडक स्वतःहून पाळला, तर ती संस्था चांगली आहे असे मी समजेन.

पडण्याच्या घटना मोजताना रहिवाशांची संख्याही हिशेबात धरावी लागते. चाळीस जणांच्या संस्थेत तीस दिवसांचे बाराशे रहिवासी-दिवस होतात. त्यात तीन वेळा कोणी पडले तर हजार दिवसांमागे अडीच असा दर निघतो, आणि तो मागच्या महिन्यांशी ताडून पाहता येतो. एवढ्या लहान संस्थेत एका महिन्याच्या चढउतारावरून काही ठरवू नये, निदान सहा महिन्यांचे आकडे पाहावेत. आणि ‘आमच्याकडे वर्षभरात कोणीही पडलेले नाही’ असे सांगणाऱ्या संस्थेत एक तर नोंद ठेवत नाहीत, नाही तर कोणाला चालूच देत नाहीत. किरकोळ घसरण्याचीही नोंद करून त्यापुढे ‘बाथरूमबाहेरचे पायपुसणे काढले’ असे लिहिणारी संस्था, आकडा मोठा दिसला तरी, मला अधिक विश्वासाची वाटते.

बोलणे आणि न बोलणे

‘कसे आहात?’ असे विचारल्यावर ‘बरं आहे’ हेच उत्तर येते. ज्यांच्या हातून उद्या अंघोळ घालून घ्यायची आहे त्यांच्याविषयी वाईट कोण बोलेल, आणि बोलून मुलांच्या जिवाला घोर कोण लावेल? म्हणून मत न विचारता घटना विचाराव्यात. काल रात्री कोण होते? संडासला जायचे असेल तर कोणाला हाक मारता, आणि ते आल्यावर काय म्हणतात? अंघोळ कोणत्या वारी? सकाळी किती वाजता उठवतात, आणि तुम्हाला किती वाजता उठायला आवडते? शेवटच्या प्रश्नावर माणूस थबकला, आवडीचे कोणी विचारेल हीच कल्पना त्याला नवी वाटली, तर त्यातूनही कळायचे ते कळते.

ज्यांना बोलताच येत नाही त्यांच्यासाठी इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड विद्यापीठात टॉम किटवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरीक्षणाची एक पद्धत विकसित केली. निरीक्षक दालनात एका बाजूला बसतो आणि दर पाच मिनिटांनी, ती व्यक्ती काय करत आहे, तिच्या चेहऱ्यावर काय आहे आणि तिच्याशी कोणी कसे वागले, हे टिपतो. प्रशिक्षणाशिवाय ही पद्धत पूर्णपणे वापरता येणार नाही, पण तिचा गाभा उचलता येतो. आपल्या माणसाजवळ न बसता दालनात तासभर बसावे आणि एका अनोळखी, गप्प असलेल्या आजींकडे लक्ष ठेवावे. त्या तासात त्यांच्याशी कोणी बोलले का? व्हीलचेअर हलवण्याआधी त्यांना सांगितले, की मागून येऊन एकदम ढकलली? त्यांच्या डोक्यावरून दोन मावशी आपसांत बोलत राहिल्या का? आपल्याकडे आजीला प्रेमाने एकेरी हाक मारतात, त्यामुळे ‘तू’ ऐकू आले म्हणून लगेच अनादर समजू नये. ते ऐकून आजींचा चेहरा खुलतो की आक्रसतो, हे पाहावे.

परदेशी राहणाऱ्या मुलांची अडचण वेगळी असते. ठरलेल्या वेळच्या व्हिडिओ कॉलवर आई केस विंचरलेली, पावडर लावलेली दिसते, आणि त्या पाच मिनिटांची तयारी अर्धा तास आधी सुरू झालेली असते. त्यांनी दर महिन्याच्या १ तारखेला वजनकाट्याच्या आकड्याचा, औषधांच्या तक्त्याचा आणि आईच्या संमतीने टाचा व पाठीचा फोटो मागावा. गावातल्या एखाद्या भाच्याला किंवा जुन्या शेजाऱ्यांना वेळ न ठरवता, कधी संध्याकाळी सातला, कधी सुट्टीच्या दिवशी, जाऊन यायला सांगावे. ‘भेटीची वेळ चार ते पाचच’ हा नियम सर्वांनाच अडसर ठरतो. जवळच्या नातेवाइकांना अवेळी येऊ देत नसतील, तर त्याचे कारण लेखी मागावे. आगीच्या वेळी दुसऱ्या मजल्यावरच्या अंथरुणावरील रुग्णांना रात्रीचे दोघे कर्मचारी खाली कसे आणणार, हाही प्रश्न याच भेटीत विचारून टाकावा.

काही उणे आढळले म्हणून लगेच संस्था बदलणे नेहमी शहाणपणाचे नसते, कारण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला नव्या जागेत रुळायला फार त्रास होतो. तारीख, वेळ आणि काय दिसले ते लिहून व्यवस्थापकांना पत्र द्यावे, पोच घ्यावी आणि उत्तराकडे नीट पाहावे. ‘बघतो’ म्हणून विषय टाळला जातो, चिडून ‘मग घेऊन जा’ असे म्हटले जाते, की दोन दिवसांत कोणत्या पाळीत काय बदलले हे सांगितले जाते, यावरून कारभाराचा दर्जा कळतो. मारहाण, उपाशी ठेवणे किंवा पैशांची लूट असे काही असेल तर पत्रव्यवहारात वेळ न घालवता पोलिसांकडे जावे; ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनीही आहे, आणि शुल्क घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. बाकीच्या बाबतींत सुधारणेसाठी महिनाभराची मुदत द्यावी, आणि वजन पुन्हा कोणत्या तारखेला, कोणासमोर घेतले जाईल, हे त्या पत्रातच लिहून घ्यावे.